कान नसलेला कप

मैत्रिणींनो,

"सल्ला केंद्राचं काम साचून पडलंय, दोन केसेसच्या तारखा जवळ आल्यात, आणि तुम्ही हे मडकी करायचं काय खूळ काढलंत?" आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणीनं फोनवर विचारलं, तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. केंद्रावर आम्ही दोन दिवसांचं मातीकामाचं शिबिर ठेवलं होतं. सिरॅमिकचं काम करणारी एक मैत्रीण आपणहून शिकवायला तयार झाली होती. माती ती आणणार होती, भट्टीही तिचीच. खर्च फारसा नव्हता. तरीही शंका मलाही होतीच. रेशन, मारहाण, थकलेला पगार, कोर्टाच्या चकरा यांतून वेळ काढून बायकांनी यायचं आणि मातीशी खेळायचं, ही चैन तर नाही ना?

शिबिर संपलं तेव्हा ती शंका उरली नव्हती. ती का उरली नाही, हे सांगण्यासाठी या वेळचं हे संपादकीय.

आम्ही सतरा जणी होतो. दोन शिक्षिका, एक निवृत्त नर्स, बँकेतली एक, घरकामगार संघटनेतल्या पाच जणी, कधी काळी सल्ला केंद्रात तक्रार घेऊन आलेल्या आणि मग इथल्याच होऊन गेलेल्या तिघी, बाकी आम्ही नेहमीच्या. पहिला अर्धा दिवस माती मळण्यातच गेला. कणीक मळणाऱ्या हातांना ते जड गेलं नाही. फरक एवढाच, की मातीत हवेचा बुडबुडा राहून चालत नाही. राहिला तर भाजताना भांडं फुटण्याची भीती. मग आमच्या मैत्रिणीनं काम सांगितलं. "घरातली रोजची एक वस्तू करायची. डोळे मिटले तरी जी तुमच्या हाताला आठवते ती. देखणी नको. ओळखू आली म्हणजे झालं."

आम्हाला वाटलं होतं, पणत्या होतील, फुलदाण्या होतील. तसं काही झालं नाही.

निवृत्त नर्स असलेल्या आमच्या वहिनींनी लोणच्याची बरणी केली. आपल्या सगळ्यांकडे असते तशी, वर तपकिरी, खाली पांढरट. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्यांनी ती भरली. कैऱ्या आणायच्या, फोडी करायच्या, मोहरी फेसायची, तेल गरम करून गार करायचं, दादरा बांधायचा, सगळं त्यांनीच. आणि दर महिन्याचे चार दिवस त्या बरणीला हात लावायला त्यांना बंदी. "दवाखान्यात मी बाळंतपणं करत होते. घरी मात्र माझ्या हातानं लोणचं नासत होतं," असं म्हणून त्या हसल्या. बरणी ओली असतानाच त्यांनी तिच्या पोटावर आपला पंजा दाबला. पाची बोटं उमटली.

दुसरीनं झाकणाचा उभा डबा केला. तो तिच्या आईनं लग्नात दिलेला पितळी डबा. सासरी आल्यावर त्यावर सासऱ्यांचं नाव घातलं गेलं, कारण घरातल्या सगळ्याच भांड्यांवर त्यांचं नाव होतं. आठ वर्षांनी मार खाऊन ती घराबाहेर पडली, तेव्हा हातात कपड्यांची एक पिशवी होती. डबा मागायला गेली तर उत्तर मिळालं, "नाव वाच की त्याच्यावर." मातीच्या डब्यावर तिनं खिळ्यानं दोन नावं कोरली. आईचं आणि स्वतःचं.

एकीनं स्टोव्ह केला. पंप, बर्नर, तीन पाय, सगळं बारकाईनं. संध्याकाळी तिनं तो पुन्हा दाबून त्याचा गोळा केला आणि मातीच्या पिंपात टाकला. तिच्या बहिणीची केस आमच्यातल्या काही जणींना ठाऊक होती. कोणी काही विचारलं नाही. माती कच्ची असेपर्यंत पुन्हा भिजवता येते. भट्टीत साधारण ६०० अंशांच्या पुढे गेली की तिच्या अंगचं पाणी निघून जातं, मग कितीही भिजवली तरी तिचा चिखल होत नाही. कोणती गोष्ट कायमची ठेवायची आणि कोणती नाही, हे तिचं तिनं ठरवलं. एरवी तेवढी मुभा तरी आपल्याला कुठे मिळते?

आणि घरकामगार संघटनेतल्या एका मावशींनी कपबशी केली. कप सुबक होता, कडा पातळ, तळ सरळ. शेजारच्या शिक्षिका मैत्रिणीनं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, कान लावायचा राहिला. थांबा, मी वळी करून देते."

"राहिला न्हाई ताई," त्या म्हणाल्या. "मला देतात तो कप असाच असतो."

मग त्या कामाचे हात न थांबवता बोलत राहिल्या. एकवीस वर्षं चार घरची कामं करतात. घरं बदलली, माणसं बदलली, कप बदलला नाही. घरातल्या कपाचा कान तुटला की तो त्यांच्या वाट्याला येतो. खिडकीत नाहीतर ओट्याखाली पालथा घातलेला असतो. चहा प्यायचा, विसळायचा, पुन्हा तिथंच पालथा घालायचा. "घरातल्या समद्यांचे कप मीच घासते, ते चालतं. त्यातून प्यायलेलं चालत न्हाई. तुम्ही म्हणालात हाताला आठवतं ते करा. माझ्या हाताला ह्योच आठवला. चटका बसतो ना त्याचा."

खोलीत कोणी बोललं नाही. मला माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली खिडकी आठवली. तिथे एक कप होता, निळ्या फुलांचा, कान नसलेला. मी तो रोज पाहत मोठी झाले. आई प्रेमळ होती, कामाला येणाऱ्या बाईंना ताजा, गरम चहा द्यायची, सणाला साडी द्यायची. तो कप कुणासाठी आहे हे तिनं मला कधी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. चार वर्षांच्या मुलीलाही ते कळत होतं. आणि आज इतक्या वर्षांनी मी चळवळीत बोलते, लिहिते, पण त्या कपाबद्दल मला कधी काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मैत्रिणींनो, रोजच्या वस्तूंवर बाईचा जीव असतो असं आपण कौतुकानं म्हणतो. आजीचा अडकित्ता, आईचं पोळपाट, पाट्याचा वरवंटा यांवर हळवे लेख लिहिले जातात. हल्ली तर शहरातल्या हॉटेलांत जुन्या बरण्या आणि पितळी डबे शोभेसाठी मांडतात. त्यात वाईट काही नाही. पण या हळवेपणात एक गोष्ट हमखास गळून पडते. वस्तूवर जीव लावायचं काम बाईला दिलं, तिची मालकी दिली नाही. घासायची तिनं, जपायची तिनं, फुटली तर बोलणी खायची तिनं. नाव मात्र दुसऱ्याचं. आणि घरातल्या बाईच्याही खाली जी बाई आहे, तिच्या वाट्याला आली ती फक्त तुटकी वस्तू. आठवणींतल्या वस्तू मातीतून पुन्हा घडवण्याला मी चैन म्हणत होते, तिनं दोन दिवसांत ही सगळी उतरंड समोर आणून ठेवली. भाषणानं ते इतक्या लवकर झालं नसतं.

डब्याच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूनं स्पष्ट आहे, हे इथेच सांगून ठेवते, कारण अजूनही केंद्रावर येणाऱ्या कितीतरी जणींना ते ठाऊक नसतं. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. सासरच्यांकडे ती असली तरी ठेव म्हणून असते, आणि परत द्यायला नकार देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली स्त्रीधन परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. स्त्रीधन म्हणजे फक्त दागिने नव्हेत. आईनं दिलेली भांडीही त्यात येतात. तेव्हा लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करा, फोटो काढून ठेवा, आणि भांड्यांवर नाव घालायचंच असेल तर आपलं घाला.

आता थोडं मातीकडे. मातीकामातसुद्धा बाईच्या कष्टाची आणि मालकीची अशीच फारकत आहे. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी कुंभाराच्या घरातली बाई माती आणते, चाळते, तुडवते, मडकी घोटते, रंगवते, डोक्यावर घेऊन बाजारात विकते. चाकाला मात्र तिनं हात लावायचा नाही, असा रिवाज. चाक पुरुषाचं, म्हणून घडवणारा तो, आणि ती त्याची मदतनीस. मराठीत कुंभारीण म्हणतात त्या माशीला तरी चिखलाचं घर एकटीनं बांधायची मोकळीक आहे! पण बाईला घडवता येत नाही म्हणून हा रिवाज पडला, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं मणिपूरकडे पाहावं. तिथं आंद्रो, थोंगजाओ या गावांत बायका पिढ्यान्‌पिढ्या चाकाशिवाय, हातानं भांडी घडवतात. थोंगजाओच्या नीलमणी देवींना २००७ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे अडचण हातांची नव्हती.

शहरात चाक बायकांच्या हाती आलं ते मुख्यतः कलाशाळांमुळे. निर्मला पटवर्धन यांनी वर्षानुवर्षं ग्लेझचे प्रयोग केले आणि १९८४ साली कुंभारकाम शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीत हाताशी ठेवावं असं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे अशी कृती उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची आणि तिथंच थांबायची. पटवर्धनांनी ती छापून सगळ्यांपुढे ठेवली. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट (१९४०–२०२०) यांनी अनेक वर्षं तिथल्या कलाशाखेत शिकवलं आणि आयुष्यभर मातीत मांजरं, घुबडं, कमळाच्या कळ्या, साधी ताटं-वाडगे घडवले. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टींकडे प्रेमानं पाहायची रीत त्यांच्या कामात आहे. पण ही दारं ज्या बायकांना उघडली, त्या बहुतेक शिकलेल्या घरांतल्या होत्या, हेही खरं. कुंभारवाड्यातल्या बाईला चाक मिळायला अजून झगडावंच लागतं.

रोजच्या भांड्यांतून बायकांचा इतिहास सांगायचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. ज्युडी शिकागो या चित्रकर्तीनं १९७४ ते १९७९ या काळात शेकडो मदतनीसांना बरोबर घेऊन 'द डिनर पार्टी' हे काम केलं. त्रिकोणी टेबल, प्रत्येक बाजू ४८ फुटांची, त्यावर ३९ स्त्रियांसाठी ३९ पानं मांडलेली. प्रत्येकीची चिनी मातीची ताटली वेगळी, खाली भरतकामाची पट्टी वेगळी. खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावं. चिनी मातीच्या ताटल्यांवर फुलं रंगवणं हा रिकामटेकड्या गृहिणींचा छंद मानला जायचा. शिकागोनं तो मुद्दाम शिकून घेतला आणि त्यातूनच हे उभं केलं. इतिहासात ज्यांनी कायम वाढलं, त्यांना इथे पहिल्यांदा जेवायला बसवलं होतं. २००७ पासून हे काम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमचं मांडलेलं आहे.

पण या टेबलाबद्दलही प्रश्न विचारले गेले, आणि ते काळ्या स्त्रियांनी विचारले. ३९ जणींत काळी अमेरिकन स्त्री एकच, सोजर्नर ट्रुथ. बाकी बहुतेक सगळ्या ताटल्यांवर स्त्रीदेहाची फुलासारखी, फुलपाखरासारखी रूपं आहेत. हिच्या ताटलीवर मात्र चेहरे. म्हणजे बाईपणाच्या सोहळ्यात तिला जागा मिळाली ती तिच्या देहाशिवाय, अशी टीका ॲलिस वॉकर यांच्यासारख्या लेखिकांनी केली. आपल्या भागातून त्या टेबलावर कोण आहे म्हणाल, तर काली. देवी आहे, हाडामांसाची बाई एकही नाही.

हे सांगण्यात शिकागोला कमी लेखायचं नाही. इतकं मोठं काम करणाऱ्या, विचारानं पक्क्या स्त्रीवादी बाईच्या हातूनही पंगत वाढताना हे व्हावं, हे पाहण्यासारखं आहे. कारण ते आपल्याही हातून होतं. आपण 'बायका' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं? पंगत आपण मांडतो, मग कोणती ताटली कोणाला हे नकळत कोण ठरवतं?

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला. केंद्रावर तेव्हा कप होते अकरा, त्यातले दोन टवका उडालेले. मी उठून पाहिलं. त्यातला एक केंद्र झाडायला येणाऱ्या बाईंच्या हातात होता. आम्ही कोणी तसं ठरवलेलं नव्हतं. कोणाच्या मनात भेद नव्हता, असंही आम्ही शपथेवर सांगितलं असतं. तरी कप बरोबर तिथे गेला होता. आम्ही त्यांना 'मावशी' म्हणतो. सख्ख्या मावशीला कोणी टवक्याचा कप देतं का?

यात जात आहे, हे मान्य करायला हवं. धातूचं भांडं राखेनं, चिंचेनं घासून शुद्ध होतं, मातीचं 'विटाळलं' की टाकून द्यायचं, असे नियम आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले. गावच्या चहाच्या दुकानात दलितांसाठी बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी पुष्कळांनी पाहिली आहे, पुष्कळांनी सोसली आहे. शहरात आल्यावर आपण ती दुकानाबाहेरून उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, आणि त्याला 'स्वच्छता' म्हणू लागलो. आमच्या शिबिरातल्या सिरॅमिकवाल्या मैत्रिणीनं सांगितलं, ग्लेझ म्हणजे भट्टीत मातीवर वितळून बसलेली काचच. तिच्यात काही मुरत नाही, पाण्यानं धुतली की स्वच्छ. म्हणजे कपाला काही लागत नाही. जे लागलंय ते आपल्या मनाला.

घरकाम करणाऱ्या बायकांच्या लढ्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तिथून संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पगार, रजा, बोनस, नोंदणी यांसाठी अजून झगडायचं आहे, आणि त्या लढ्यात आपण बरोबर आहोतच. पण कपासाठी कायदा होत नाही. तो आपापल्या घरात बदलावा लागतो, आणि म्हणूनच राहून जातो. मोर्च्यात शेजारी चालणं सोपं आहे. घरी आल्यावर एकाच कपातून चहा घेणं तेवढं सोपं का वाटत नाही, याचं उत्तर ज्याचं त्यानं, म्हणजे आपलं आपणच द्यायचं आहे.

तीन आठवड्यांनी वस्तू भाजून आल्या. एक पाट फुटला, एका तांब्याला तडा गेला. बरणीवरचा पंजा लख्ख उमटला होता. डब्यावरची दोन्ही नावं वाचता येत होती. आम्ही त्या वस्तू केंद्राच्या पुढच्या खोलीत मांडल्या आणि वस्तीतल्या बायकांना बघायला बोलावलं. बऱ्याच जणी कपापाशी थांबत होत्या. काही जणी हसत होत्या, ओळखीचं हसू. आमच्यासारख्या काही जणी तिथे फार वेळ थांबत नव्हत्या, हेही माझ्या लक्षात आलं.

शेवटी ज्याची त्यानं वस्तू घरी न्यायची होती. मावशींनी कप नेला नाही. "घरी कशाला? घरी माझ्याकडं कानाचे कप हायेत की. ह्यो इथंच ठेवा, लोकांनी विचारायला पायजे, ह्याचा कान कुठंय." त्यामुळे तो आता केंद्राच्या फळीवर आहे. टवक्याचे दोन्ही कप आम्ही काढून टाकले, सगळे एकसारखे बारा आणले. फार मोठं काही केलं असं नाही. उशीरच झाला.

या अंकात शिबिरातल्या चौघींनी आपापल्या वस्तूबद्दल लिहिलं आहे. त्यांतल्या दोघींना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी म्हटलं तिथे बदललं. आपल्या गटात असं शिबिर घ्यायचं असेल तर भट्टी नसली तरी अडत नाही. कुंभारवाड्यातून माती मिळते, तिथल्याच बाईला शिकवायला बोलवा, तिला तिचं मानधन द्या. नुसती उन्हात वाळवलेली वस्तूही बोलायला पुरते. आणि शिबिर जमलं नाही तर निदान एवढं करा. आपल्या हाताला आठवणारी एक वस्तू निवडा. ती कोणाची होती, तिच्यावर नाव कोणाचं होतं, ती कोणाला वापरायला मनाई होती, हे लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

पत्र लिहायला बसण्याआधी मात्र एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीत पाहून या.

आपली,
संपादक मंडळासाठी